सोन्याच्या ताटातला कडू घास

एका राज्यात धैर्यकेतू नावाचा राजा होता. माणूस भला, पण भारी घाईचा. पागेतल्या घोड्याघोड्याचा खुराक त्याला पाठ. कोणत्या घोड्याला हरभरा मानवतो, कोणता गूळ मागतो, झोपेतून उठवून विचारा, सांगेल. त्याची राणी शाल्मली. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

राणीला दिवस गेले. नगरात साखर वाटली, तोरणं लागली, आणि राजवाड्यात ‘गोड घास’ ठरला. हा त्या घराण्याचा रिवाज. दोन जिवांच्या राणीनं चंदनी पाटावर बसायचं, पणजोबांच्या वेळच्या सोन्याच्या ताटातून खिरीचा पहिला घास घ्यायचा आणि भर दरबारात म्हणायचं, “गोड आहे, सगळं गोड आहे.” मग नगारा वाजायचा. आजवर साऱ्या राण्या तसं म्हणत आल्या होत्या.

शाल्मलीनं घास घेतला. तिचं तोंड वाकडं झालं. ती म्हणाली, “कडू आहे. खिळा चघळल्यासारखं लागतंय.”

नगारचीच्या टिपऱ्या वरच्या वर राहिल्या. राजमाता सौदामिनी, म्हणजे राजाच्या आईसाहेब, ताडकन उठल्या. “या पाटावर असं कोणी बोललेलं नाही,” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या दिवसापासून राणीची अन्नावरची वासनाच उडाली. पाणी प्यावं तर तांब्या चाटल्यासारखं, भात खावा तर कढई चाटल्यासारखा. फोडणीचा वास आला की ती खिडकीकडे धावे. मुदपाकखान्यात आचारी आज बासुंदी करीत, उद्या घारगे, परवा पुरणपोळ्या. ताटं जशी जात तशी परत येत. दासी ती आनंदानं संपवीत. वाड्यात सगळ्यांनी बाळसं धरलं, फक्त राणी वाळत चालली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि राजाला बाजूला घेऊन म्हणाले, “महाराज, आई जेवली नाही तर पोटातलं बाळ कशावर वाढेल? दोघांचीही आशा धरता येणार नाही.”

राजा बागेत जाऊन बसला आणि ढसाढसा रडला. तिथं करंजाच्या झाडावर एक भारद्वाज पक्षी राहत असे. त्याला माणसासारखं बोलता येई, पण कोणी विचारल्याशिवाय तो बोलत नसे.

राजानं विचारलं, “पक्षिराज, माझी राणी का जेवत नाही?”

“ताट कुणाचं आहे, राजा?”

“आमचं. सोन्याचं.”

“सोन्याची सुरी म्हणून कोणी उरात खुपसून घेतं का? ताट कडवंची जादूगारणीचं आहे. सात डोंगरांपलीकडे राहते. तिला जाऊन भेट.”

राजा निघाला. कडवंची ओट्यावर बसून सूप पाखडत होती. सुपातून चांदण्या उडत होत्या आणि कोंबड्या त्या टिपत होत्या. राजा तिच्या पाया पडला.

“आजी, ते ताट तुझं?”

“माझ्या लेकीच्या डोहाळजेवणासाठी घडवलं होतं. तुझ्या पणजोबानं पाहिलं, आवडलं, उचललं. माझी लेक पत्रावळीवर जेवली. मी म्हटलं, ‘ने बापड्या. तुझ्या घरातल्या दोन जिवांच्या बाईला सोन्याचीच चव लागो.’ त्या शहाण्याला वाटलं, वर मिळाला! नाचत गेला.”

राजानं मान खाली घातली. “शाप कसा उतरेल?”

“तीन गोष्टी लागतील. दोन तिला तगवायला, तिसरी शाप उतरवायला. माझं भांडण तुझ्या पणजोबाशी होतं, त्या पोरीशी नाही. आधी नागदरीतला आवळा आण.”

नागदरीत आवळीच्या बुंध्याला अजगर वेटोळं घालून बसला होता. राजानं तलवार उपसली. अजगर जांभई देऊन म्हणाला, “तलवार ठेव. एवढंच सांग, तुझ्या राणीला माहेरी काय खायला आवडायचं?”

राजाला ते ठाऊकच नव्हतं. घोड्यांचं विचारलं असतं तर! गेला बिचारा सात डोंगर ओलांडून परत, घामानं निथळत राणीच्या उशाशी उभा राहिला आणि म्हणाला, “राणी, माहेरी तुला काय आवडायचं?”

राणी किती तरी दिवसांनी हसली. “एवढं विचारायला आलात? ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा. त्यावर लसणाचं तिखट. आई चुलीपुढून हातावर द्यायची. इथं कुणी कधी विचारलंच नाही, मग मीही बोलले नाही.”

राजाला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. तो पुन्हा नागदरीत गेला, अजगराला उत्तर सांगितलं, अजगरानं वेटोळं सोडलं. राजानं आवळे आणले. राणीनं एक फोड गालात धरली, चघळली, वर पाणी प्यायली, आणि तिचे डोळे विस्फारले. पाणी गोड लागत होतं! तिनं तांब्या रिकामा केला. राजानं लगेच गाडीभर आवळे मागवले.

गाडी आली त्या दिवशी राणीनं नाकाला पदर लावला. “नको, आता वासही नको.”

“पण कालपर्यंत तर...”

“कालचं काल. मला तरी कुठं कळतंय?”

राजा एरवी चिडला असता. पण तो आवळ्यांच्या ढिगावर बसला आणि हसत सुटला. मग गाडी घेऊन पुन्हा कडवंचीकडे गेला.

कडवंची म्हणाली, “चव पाहुण्यासारखी असते, आली तेव्हा आली, गेली तेव्हा गेली. तू गाड्या भरू नकोस, रोज विचारत जा. आता गारडोहाची माती आण. खायला नव्हे रे, ताटासाठी!”

गारडोहात एक म्हातारं कासव होतं. त्याच्या पाठीवर गवत उगवलेलं. ते म्हणालं, “माती ने. पण घोड्यावरून नाही. डोक्यावर घेऊन चालत जा. वाटेत धावलास तर वाळू होईल.”

जन्मात कधी सावकाश न चाललेला राजा मातीचं घमेलं डोक्यावर घेऊन चालला. पहिल्यांदा धावला, वाळू झाली. दुसऱ्यांदा भरभर चालला, तरी वाळू झाली. तिसऱ्यांदा तो दोन जिवांच्या बाईसारखा जपून चालला, तेव्हा माती माती राहिली. कुंभारानं ताटली घडवली, भाजली. तिच्यात वाढलेला दहीभात आपोआप गार होई आणि वास उठत नसे. राजा स्वतः शेजारी बसून भरवू लागला.

“हा चिऊचा घास.”

“मी काय लहान आहे?”

“तू नाहीस. ज्याच्यासाठी आहे, तो आहे.”

थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा, असं राणी खाऊ लागली. पण चार चिमण्यांचे घास झाले की तोंडात पुन्हा ते लोखंड येई. वैद्यांनी नाडी पाहून मान हलवली. “तगल्या आहेत. पण एवढ्यानं भागायचं नाही.”

राजा तिसऱ्यांदा गेला. कडवंचीनं सूप खाली ठेवलं. “तिसरी गोष्ट तुझ्याच घरात आहे. ज्या बाईनं त्या ताटात जेवून खोटं ‘गोड’ म्हटलं, तिनं त्याच पाटावर बसून, चारचौघांत खरं सांगावं.”

राजा आनंदानं परतला. अजगर नाही, कासव नाही; आपली आईच तर आहे! पण आईसाहेब काही अजगराहून सोप्या नव्हत्या.

“धैर्या, माझ्या सासूबाईंनी त्या दिवशी माझा हात दाबून धरला होता. ‘म्हण, गोड आहे,’ म्हणाल्या. मी म्हटलं. आता म्हातारपणी दरबारात स्वतःला खोटं ठरवू?”

“आईसाहेब, शाल्मली मरेल.”

राजमातेनं पाठ फिरवली. राजा दाराशीच खाली बसला. तेवढ्यात भिंतीचा आधार घेत शाल्मली आली. तिनं काही मागितलं नाही. राजमातेच्या पायांशी टेकली आणि म्हणाली, “आईसाहेब, हे पोटात होते तेव्हा तुम्ही काय खात होता?”

राजमाता दचकल्या. सोन्यारुप्यानं मढलेल्या त्या बाईला हा प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता.

“लाह्या,” त्या हळूच म्हणाल्या. “कोरड्या. पदराखाली लपवून, न्हाणीघरात बसून. सगळ्यांसमोर पक्वान्नं गिळायची, मग मागच्या दारी जाऊन ओकायची. कुणी पाहिलं तर काय म्हणतील, याचीच भीती.” आणि त्यांनी सुनेच्या हडकलेल्या मनगटाकडे पाहिलं. “तुझ्यासारखं बोलायला मला जमलं नाही, पोरी. म्हणून तुझा राग आला होता.”

त्या उठल्या. शाल्मलीचा हात धरून दरबारात आल्या, पाटावर बसल्या, सोन्याचं ताट पुढ्यात ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

“मलाही कडू लागलं होतं. मी खोटं बोलले.”

त्याबरोबर शाल्मलीच्या जिभेवरून सोन्याचा एक कण निसटला आणि ठणकन ताटात पडला. लोकांनी श्वास सोडला. तोच दुसरा कण पडला. तो राजमातेच्या जिभेवरचा होता.

राजाला क्षणभर कळेना. मग कळलं. “आईसाहेब, म्हणजे इतकी वर्षं? माझ्या मुंजीचं, लग्नाचं जेवण... सगळंच?”

“सवय होते रे बाळा,” राजमाता म्हणाल्या.

धैर्यकेतूनं आईला कुशीत घेतलं, दरबार भरलेला असताना. सोन्याचं ताट पुढे कडवंचीकडे तो स्वतः पोचवून आला. तिनं ते पुसून फडताळात ठेवलं आणि जाताना राजाला पसाभर चांदण्या दिल्या, बाळाच्या पाळण्यावर बांधायला.

दरबार उठला त्याच दुपारी मुदपाकखान्यात फक्त ज्वारीच्या भाकऱ्या झाल्या. मातीच्या ताटल्यांत सासू आणि सून शेजारी शेजारी जेवायला बसल्या. राजा वाढायला. शाल्मलीनं पापुद्रा मोडला, तिखट लावलं, एक घास, दुसरा घास, तिसरा, आणि मान वर न करता म्हणाली, “आणखी वाढा.”

राजमाता मात्र पहिल्याच घासाशी थांबल्या होत्या. घास तोंडात तसाच, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आईसाहेब, तिखट झालं का?” राजानं घाबरून विचारलं.

त्यांनी मान हलवली. घास नीट चावून गिळला.

“ज्वारी अशी लागते होय?” त्या म्हणाल्या, आणि ताटली पुढे केली.

त्या घरात सगळं ठिकाणावर आलं, तसं तुमच्याआमच्या घरात येवो. दोन जिवांच्या लेकीसुनांना कोणी तरी रोज विचारो, आज तोंडाला काय बरं वाटतंय, आणि उत्तर कडू आलं तरी बसून ऐको.