गेनू गुरुजींची दुसरी कुंडी

टेंभुरवाडी नावाचं गाव. त्या गावच्या शाळेत एक भोळे गुरुजी होते, गेनू गुरुजी. भोळे म्हणजे अगदी गाय. पण गायीला काल काय सांगितलं ते आज आठवत नाही, गुरुजींना आठवायचं. सगळा घोटाळा तिथंच होता.

गुरुजींची नोकरी कच्ची होती. वर्षाच्या शेवटी तपासनीस साहेब येणार, चौथीचा विज्ञानाचा धडा बघणार आणि पसंत पडला तरच नोकरी पक्की करणार. त्या नोकरीला एक लग्न टांगलेलं. शेजारगावच्या बाळोबांची लेक द्वारका गुरुजींना फार आवडली होती. तिलाही गुरुजी आवडले होते, आता का ते तिचं तिला माहीत! पण बाळोबा म्हणजे रोखठोक माणूस.

"नोकरी पक्की झाली तर अक्षता," ते म्हणाले. "नाहीतर नारळ घ्या आणि चालू लागा."

मग काय, गुरुजी विज्ञानाच्या हात धुऊन मागे लागले. रोज धडा मोठ्यानं वाचायचे. संपला की पुन्हा पहिल्यापासून. पोरं बसल्या जागी पेंगायची.

मुख्याध्यापिका अनसूयाबाईंनी ते दारातून बघितलं. "अहो गुरुजी, विज्ञान असं वाचून येतं होय? जे शिकवायचं ते मुलांच्या हातात द्या."

"चुकलं बाई. आता लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं की हो लक्षात!

दुसऱ्या दिवशी धडा होता मधमाशीचा. गुरुजींनी पहाटे ओढ्याकाठच्या उंबरावरचं अख्खं मोहोळ पोत्यात घालून वर्गात आणलं. पोत्याचं तोंड सोडत म्हणाले, "हं हौसा, धर हातात."

हौसा चौथीतली, पण देवानं अक्कल द्यायला हात आखडता घेतला नव्हता. ती म्हणाली, "गुरुजी, आधी तुम्ही धरा. आम्ही बघतो." आणि ती खिडकीतून बाहेर. तिच्यामागं सगळा वर्ग बाहेर.

गुरुजींनी एकट्यानं धरलं. बाई गोंधळ कसला म्हणून बघायला आल्या, तर त्यांनाही प्रसाद मिळाला. गुरुजींचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. बाई नाकाला चुना लावून ओरडल्या, "असल्या गोष्टी हातात देतात का? लांबून दाखवायच्या! लांबून!"

"चुकलं बाई," गुरुजी सुजलेल्या ओठांनी म्हणाले. "आता लक्षात ठेवतो."

पुढचा धडा, मीठ पाण्यात विरघळतं. गुरुजींनी मुलांना शाळेच्या पायरीवर बसवलं. आपण पाण्याचा पेला घेऊन मैदानाच्या पार टोकाला, चिंचेखाली जाऊन उभे राहिले.

"मीठ टाकलं रे!" तिथून हाक आली. "दिसतंय का?"

"नाही!"

"आता ढवळलं! आता दिसतंय का?"

"नाही!"

"म्हणजे विरघळलं!" गुरुजी खूश.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, डोळ्यांना दिसत नाही ते जिभेला कळतं. मुलांना चाखायला द्यायचं होतं. चाखलं की पटतं."

"चुकलं बाई. आता लक्षात ठेवतो."

त्यानंतरचा धडा नेमका मातीचा निघाला. काय बोलायचं! गुरुजींनी काळी, तांबडी आणि मुरमाड अशी तीन तऱ्हेची माती आणली आणि चिमूट चिमूट सगळ्यांच्या जिभेवर ठेवली. संध्याकाळी हौसाची आई कमरेला पदर खोचून शाळेत हजर.

"बाई, पोरगी भाकरीला तोंड लावंना. काळी माती बरी लागतीय म्हणती!"

तिची समजूत घालून बाईंनी गुरुजींना समोर बसवलं. बाईंना रागही आला होता आणि कीवही वाटत होती. "उद्या साहेब येतायत, गुरुजी. त्या द्वारकेचा तरी विचार करा. तुम्ही आता काहीसुद्धा करू नका. प्रश्न आला की गप्प राहायचं. उत्तर आपण सांगायचं नाही, मुलांनी शोधायचं. एवढं तरी जमेल?"

"जमेल बाई. लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खुर्चीत टेकले. "मास्तर, नाव काय आपलं?"

गुरुजींनी हात जोडले आणि वर्गाकडे वळले. "मुलांनो, साहेबांनी फार छान प्रश्न विचारलाय. शोधा बघू."

"गेनू गुरुजी!" पोरं ओरडली.

"बरं, गाव कुठलं तुमचं?"

"शोधा, मुलांनो."

दाराआड बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांना मात्र वाटलं, ही शिकवायची नवी रीत दिसते. ते मुलांकडे वळले. "सांगा, विज्ञानात काय काय शिकलात?"

हौसा उठली. "मोहोळ हलवलं की माशा आधी नाकाला चावतात. मीठ विरघळलं की लांबूनच काय, जवळूनही दिसत नाही, पण चव राहते. मी घरी करून बघितलं. आणि मुरमाड माती दाताखाली कचकच वाजते, काळी वाजत नाही."

साहेब थक्क! "हे तर पुस्तकात नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही. आमचं आम्हालाच कळलं."

"वा, मास्तर! याला म्हणतात शिकवणं. तुमची नोकरी पक्की!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यावर साहेब गेले असते तर गंगेत घोडं न्हालं असतं. पण जाता जाता त्यांना खिडकीतली कुंडी दिसली.

"ही कशाला?"

गुरुजी गप्प. हौसा म्हणाली, "रोपाला ऊन लागतं, ते बघायला."

"मग एकच कशी? दोन हव्यात, मास्तर. एक उन्हात, एक अंधारात. शेजारी दुसरी असल्याशिवाय पहिलीला काय झालं ते कळत नाही. कुठलाही प्रयोग असो, दोन घ्यायच्या."

"चुकलं साहेब. आता लक्षात ठेवतो."

ते ऐकून बाईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

आणि लग्न निघालं. मांडवात पहिल्या रांगेत अख्खी चौथी. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. समोर हातात माळ घेऊन द्वारका उभी. गुरुजींनी आपली माळ उचलली आणि थांबले. द्वारकेच्या डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. वाकून पाठीमागं बघितलं.

"दुसरी कुठाय?"

"दुसरी माळ ना? ती नवरीच्या हातात आहे," भटजी म्हणाले.

"माळ नव्हे हो, नवरी. दोन लागतात. हिला माळ घालायची, दुसरीला नाही घालायची. त्याशिवाय लग्नानं काय होतं ते कळणार कसं?"

सनई बंद पडली. बाळोबांचा फेटा रागानं हलायला लागला. "बास! मोडलं लग्न! आणा रे तो नारळ!"

अनसूयाबाई डोक्याला हात लावून खालीच बसल्या. गुरुजी रडकुंडीला आले. साहेबांनी सांगितलं तसंच तर करत होते बिचारे! आणि द्वारका तर त्यांना मनापासून हवी होती.

"थांबा, आबा," द्वारका म्हणाली. मग गुरुजींकडे वळली. "दुसरी कशाला हवी? तुम्ही आजवर बिनलग्नाचे राहिलात की नाही? त्यानं काय झालं, ते अख्खं गाव बघतंय. ती झाली अंधारातली कुंडी. आता उन्हातली बघू."

असं म्हणून तिनं माळ गुरुजींच्या गळ्यात घातलीसुद्धा. बाळोबांचा नारळ हातातच राहिला.

गुरुजींनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! त्यांनी उत्तर सांगितलं नव्हतं. तिचं तिनं शोधलं होतं.

"शाब्बास!" गुरुजी मांडव दणाणेल अशा आवाजात म्हणाले. "अगदी बरोबर. बस खाली. हं, आता पुढची ऊठ!"