खटक्यावरचे रबर

एकदा एका औषधविक्रेत्याने आपल्या घराखालच्या गॅरेजात मोटार उचलायची लिफ्ट बसवून घेतली. हेरंब त्याचे नाव. वय चाळिशीच्या पुढे, दुकान बरे चाललेले, आणि वडिलांनी मागे ठेवलेली जुनी मोटार स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची हौस. दुपारी दुकान बंद असे, तेव्हा तो मोटार वर चढवून तिच्याखाली उभा राहून काम करी.

हे काम त्याला केळुसकर मास्तरांनी शिकवले होते. मास्तरांनी तंत्रशाळेत आयुष्यभर मुलांना यंत्रे शिकवली, आणि निवृत्तीनंतर हा एक मोठा विद्यार्थी त्यांच्या वाट्याला आला. लिफ्टच्या दोन्ही खांबांत एकेक पोलादी खटका असतो. मोटार वर जाताना तो खांबातल्या दात्यांवरून खट् खट् करत सरकतो. हवी ती उंची आली की मोटार किंचित खाली सोडायची, म्हणजे दोन्ही खटके दात्यांत बसतात आणि सगळा भार पोलादावर येतो. तोपर्यंत तो भार केवळ तेलाच्या दाबावर तोललेला असतो. या किंचित खाली सोडण्याला मास्तर ‘टेकवणे’ म्हणत. टेकवल्याशिवाय मोटारीखाली जायचे नाही, हा त्यांचा पहिला धडा होता.

हेरंबला पुढे एक नवाच नाद लागला. लिफ्टला लागणारी जोडसामग्री बाजारातून आणणे त्याला कमीपणाचे वाटू लागले. जुन्या टायरच्या चकत्या कापून त्याने मोटारीला खालून पेलणाऱ्या लिफ्टच्या हातांवर बसवल्या, मोटारीच्या सांगाड्याला चरे पडू नयेत म्हणून. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाला बिघडलेल्या स्पीकरचा लोहचुंबक लावला आणि खांबाला चिकटणारी नट-बोल्टांची तबकडी केली. तुपाच्या डब्याचे तेल झेलायचे भांडे झाले. घरातली एकही वस्तू निर्धास्त राहिली नाही. आईने आपला पोळपाट कपाटात कुलूप लावून ठेवला, असे शेजारी हसत सांगत.

शेवटची करामत त्याने आईसाठीच केली. गॅरेजाच्या बरोबर वर तिची खोली होती आणि तिथून मागच्या बाजूने एक जिना खाली गॅरेजात उतरत होता. दुपारी तिची झोप मोडू नये म्हणून त्याने दोन्ही खटक्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. आवाज बंद झाला आणि हेरंबला फार समाधान वाटले.

एका दुपारी मास्तर हे सारे पाहायला आले. त्यांनी चकत्या दाबून पाहिल्या, तबकडी काढून पुन्हा खांबाला लावली.

“हात चांगला आहे तुझा,” ते म्हणाले.

हेरंब सुखावला. त्याने बटण दाबले. मोटार काही न बोलता वर गेली.

“आवाज कुठे गेला रे?”

“बंद केला, मास्तर. आईला दुपारी जरा पडायचं असतं.”

“बरं. टेकवलीस?”

“टेकवली.”

मास्तरांनी कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. “मग ती खुर्ची गाडीखाली ठेव आणि आईंना बोलाव. वर उकडत असेल. इथे गारवा आहे, बसतील निवांत शेंगा सोलत.”

हेरंबला हसू आले. मास्तरांचे आता वय झाले, असेही क्षणभर मनात येऊन गेले. खुर्ची घेऊन तो मोटारीखाली गेला, ती ठेवायला वाकला आणि तसाच थांबला. त्याने मान वर करून पाहिले. मग खुर्ची उचलून बाहेर भिंतीशी नेऊन ठेवली.

“इथे बसेल ती.”

“का? तू तर रोज तिथेच उभा असतोस.”

“माझं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

हेरंबने दोन्ही खांबांकडे पाहिले. “टेकली की नाही ते कळत नाही, मास्तर. म्हणजे टेकत असणार. पण पूर्वी कळायचं.”

मास्तरांनी बॅटरी मागितली आणि बाहेरूनच दोन्ही खांबांत उजेड टाकला. उजवा खटका दात्यात पूर्ण बसला होता. डावा रबराच्या जाडीमुळे अर्धाच आत गेला होता आणि कडेवर अडकून राहिला होता.  आदल्या दुपारी याच मोटारीखाली हेरंब गाणे गुणगुणत उभा होता.

मोटार सावकाश खाली आली, तेव्हा मास्तर बोलले. “बाकीचं सगळं राहू दे, ते कामाचं आहे. पण याचं नावच खटका आहे, हेरंब. त्यानं खटकायलाच हवं. ज्याच्यावर आपला जीव टेकलेला आहे, त्याला आपण गप्प करू नये. आणि तुलाही आतून खटकत होतंच, नाहीतर खुर्ची उचलली नसतीस. आईच्या डोक्यावर जे नको वाटलं, ते स्वतःच्या डोक्यावर रोज चालवून घेतलंस. तिच्या झोपेसाठी केलंस म्हणतोस, पण तिला कधी विचारलंस?”

“मला कुणी नाही विचारलं,” जिन्यातून आवाज आला.

दोघांनी वळून पाहिले. आई शेवटच्या पायरीवर बसली होती.

“आवाज यायचा तेव्हा मी पडल्या पडल्या ऐकायची,” ती म्हणाली. “गाडी टेकली की दोन्हीकडून खट् व्हायचं. मग मी डोळे मिटायची. आवाज गेला तेव्हापासून दुपारची इथेच येऊन बसते. काही झालंच, तर तुझी हाक तरी ऐकू येईल.”

हेरंबला तिच्याकडे पाहवेना. तो खाली बसून खटक्यांवरचे रबर खरवडू लागला. ते पक्के चिकटले होते. आईने उठून रॉकेलात भिजवलेला बोळा आणून दिला, तेव्हा कुठे ते निघाले.

मोटार पुन्हा खट् खट् करत वर गेली. हेरंबने ती किंचित खाली सोडली. उजवीकडून खट् झाले आणि पाठोपाठ डावीकडून. मास्तरांनी मान डोलावली.

आईने कठडा धरला आणि ती पायऱ्या चढू लागली. “चहाच्या वेळेला उठव रे,” ती म्हणाली, आणि झोपायला वर गेली.