मीखा नावाडी आणि त्याचे पायधुवे

फार वर्षांपूर्वी, गोदावरीवर पूल नव्हते आणि पलीकडे जायचं तर होडीच लागायची, तेव्हा निंबदऱ्याच्या घाटावर मीखा रणनवरे नावाचा नावाडी होता. ऐन पुरातही त्याची होडी कधी भलत्या काठाला लागली नाही, असं म्हणतात.

होडीतून उतरणाऱ्यांचे पाय गाळाने माखायचे. रविवारी ख्रिस्ती देवळात प्रार्थनेला निघालेल्यांचे पाय मीखा घाटावरच धुवायचा. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, एवढंच त्याचं कारण. हळूहळू पाचसात घरं त्याच्याभोवती जमली आणि एकमेकांचे पाय धुऊ लागली. गावाने त्यांचं नाव पायधुवे ठेवलं. आज पाय धुतात, उद्या आपली डोकी धुतील, असं म्हणून देवळाच्या मंडळीतले लोक हसायचे.

मग हसणं थांबलं. पायधुव्यांचा पंथ वेगळा, ते मीखालाच देव मानतात, धुतलेलं पाणी तीर्थ म्हणून पितात, अशी बोलवा उठली. त्यांच्या मुलींना स्थळं येईनाशी झाली. देवळात सगळ्यांमध्ये फिरणारा प्रभुभोजनाचा प्याला त्यांच्या रांगेपाशी आला की पुढे सरकू लागला.

त्याच साली मीखाची एकुलती मुलगी रिबका तापाने गेली. तिची आई कबरस्तानात होती आणि मुलीला आईशेजारी ठेवावं, एवढंच मीखाला हवं होतं. देवळाच्या पाळकसाहेबांनी निरोप धाडला की पंथवाल्यांना आत जागा नाही. मीखा मुलीचा देह घरी ठेवून देवळात गेला. आमचा विश्वास तपासून घ्या, म्हणाला, आणि मग ठरवा.

पाळकसाहेबांनी त्याला विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची मंडळीची कबुली, म्हणायला सांगितला. मीखाने तो म्हटला, मंडळी म्हणते तसाच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाच्या ओळीपाशी तो आला, तेव्हा देवळाची घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. पण त्याने काही साधलं नाही. हे कसलं चेटूक, असं म्हणून मंडळीच्या पंचांनी घंटेची जीभ दोरीने बांधून टाकली.

तरी पाळकसाहेब विरघळले होते. त्यांनी शेवटचं विचारलं, ते पाणी कधी कुणी प्यायलं का?

"कधीच नाही, साहेब. आम्ही ते मातीत ओततो."

मागच्या रांगेत पायधुव्यांतली सारजाबाई बसली होती. म्हातारपणी ख्रिस्ती झालेली. साधुपुरुषाच्या पायांचं तीर्थ घेण्यात तिचा सारा जन्म गेला होता. मीखाच्या बाजूने साक्ष द्यावी, म्हणून ती उठली.

"असं कसं म्हणता, दादा? परवा रिबकेला मीच पाजलं की. तुम्ही धुतलेलं पाणी ते. पोर घटकाभर हसली होती."

 पोर त्या पाण्यानेच गेली का, हे तिथे कुणी विचारलं नाही. मीखाने मात्र पुढे रोज स्वतःला विचारलं असेल.

 पाळकसाहेबांनी मीखापुढे एकच वाट ठेवली. ही बाई आमची नाही, असं सगळ्यांसमोर सांग, मग तुमचा विश्वास आमचाच आणि पोर आईजवळ.

मीखा सारजाबाईकडे पाहत राहिला. आपण काय केलं, हे तिला अजून कळलं नव्हतं.

"साहेब, ती चुकली," तो म्हणाला. "पण ती आमची नाही, असं मला नाही म्हणता येणार."

रिबकेला भिंतीबाहेर, नदीच्या काठी पुरलं. सारजाबाईला नंतर कुणीतरी सगळं समजावून सांगितलं. त्या दिवसापासून ती बोलली नाही आणि वर्ष सरायच्या आत गेली. मीखाने तिलाही काठावरच, रिबकेशेजारी ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात गोदामाई चढली. तिने कबरस्तानाच्या भिंतीला हातही लावला नाही, पण काठ कापून नेला आणि दोन्ही कबरी नेल्या. मीखा होडी घेऊन खाली शोधत गेला. वळणावळणावर तो विश्वासांगीकार म्हणत होता आणि दोन्ही काठच्या गावांना तो ऐकू येत होता, असं म्हणतात. काही दिवसांनी त्याची होडी प्रवाहाच्या उलट, एकटीच वर आली आणि घाटाला लागली. आत कुणी नव्हतं.

निंबदऱ्यात आजही कुणाला माती द्यायची असली, की खांदेकऱ्यांचे पाय आधी धुतात आणि ते पाणी सगळ्यांदेखत मातीत ओततात. मग पहिली मूठ माती कबरीत न टाकता नदीत टाकतात, मीखाच्या नावाने, त्याच्या पोरीसाठी. बाहेरगावचे पाहुणे हे बघून बिचकतात. निंबदऱ्याची माणसं त्यांना काही समजावत बसत नाहीत. तिथेच उभी राहून विश्वासांगीकार म्हणतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाहुणे शांतपणे ऐकून घेतात आणि परतताना कुणाला तरी बाजूला घेऊन हळूच विचारतात, की तुमचा पंथ नेमका कोणता?