नागोजीबाबा का थांबला?

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. त्याने काही बिघडत नाही म्हणा, कारण या गोष्टीत राजाला काही कामच नाही.

त्याच्या राज्यात उंच डोंगरावर एक तळं होतं. हिवाळाभर ते मुकाट पडलेलं असायचं. पण उन्हाळा लागला, खाली नगरात अंगाची लाही लाही व्हायला लागली, की माणसं पोराबाळांचं लटांबर घेऊन वर यायची. मग तळ्यावर ही गर्दी! कुणी नावेत बसून गाणी म्हणायचं, कुणी काठावर शिदोरी सोडायचं, पोरं धबाधब उड्या मारायची. या गोंगाटातूनच वाट काढत गावातली माणसं मासे धरायची. त्यांच्या होड्या एकट्यापुरत्या, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या. आत पाय लांब करून बसायचं आणि दोन पात्यांचं वल्हं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारत जायचं. शेंगेसारखी दिसते म्हणून होडीचं नावही शेंगच पडलं होतं.

मासा म्हणाल तर ठिपक्या. थंड पाण्यातला, अंगभर ठिपके असलेला, मोठा लाजरा मासा. हल्लीची माणसं त्याला ट्राउट म्हणतात. म्हणोत बापडी.

गावाची एक रीत होती. उन्हाळ्याच्या शेवटी तळ्याच्या देवीची जत्रा भरायची. त्याआधी प्रत्येक घराने एक ठिपक्या देवळात पोचवायचा. तो पोचला, की गुरवीण येऊन त्या घराच्या खुंट्याला हळद लावायची. खुंटा म्हणजे काठावरची शेंग बांधायची जागा. जत्रेच्या सकाळी ज्या खुंट्याला हळद नसेल तो उपटायचा आणि जागा पलीकडच्या काठावरच्या एखाद्या घराला द्यायची. ज्याचा खुंटा गेला त्याला तळ्यात मासे धरायची बंदी. मग पोट कशावर भरायचं, हा प्रश्न देवीने त्याच्यावरच सोडलेला.

या गावात भिवरा नावाची नवी सून आली होती. माहेर खालच्या मुलखातलं, कुंभाराचं. तिने आजवर पाणी पाहिलं होतं ते विहिरीतलं, नाहीतर माठातलं. तिचा नवरा हैबती मासे धरण्यात पटाईत, पण छप्पर शाकारताना पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. हात गळ्यात, शेंग खुंट्याला आणि जत्रा तोंडावर. घरात तिसरं माणूस नाही. भिवराने पदर खोचला आणि स्वतःच शेंगेत जाऊन बसली. पहिल्या दिवशी उलटली, काठावर आली, पुन्हा बसली आणि पुन्हा उलटली. काठावरच्या बायकांनी मनसोक्त हसून घेतलं आणि मग कोरडं लुगडंही आणून दिलं. माणसं तशी वाईट नव्हती.

भिवराला एक खोड होती. तिला प्रश्न पडायचे, आणि पडलेला प्रश्न विचारल्याशिवाय तिला जेवण जात नसे. ठिपक्या दिवसा झोपतो का? त्याला ऊन लागतं का? हैबती पार वैतागला.

"प्रश्न घरी ठेव," तो म्हणाला. "तळ्यावर एवढंच ध्यानात धर. ‘थांबला’ असं कानावर आलं, की तिकडे वल्हं मारायचं."

‘थांबला’ हा त्या तळ्यावरचा खास शब्द होता. एखादा जाणता माणूस वल्हं आडवं टाकून एका जागी बसला, की त्याच्या खाली मासा आहे असं समजायचं. गावात सगळ्यांत जाणता म्हणजे नागोजीबाबा. त्याची शेंग जरा कुठे रेंगाळली, की ‘नागोजी थांबला, नागोजी थांबला’ अशी कुजबुज पाण्यावरून पसरायची आणि सगळ्या शेंगा तिकडे धावायच्या. भिवराही धावायची. सगळ्यांच्या मधे शेंग घुसवून गळ टाकायची, उन्हात करपायची आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परतायची.

रिकाम्या टोपल्या सगळ्यांच्याच होत्या. त्या वर्षी उन्हाने कहर केला होता, आणि जत्रा जवळ आली तरी एकाही खुंट्याला हळद लागली नव्हती. घराघरांत माणसं एकमेकांशी तुटक बोलू लागली होती. हैबती रात्रंदिवस आपल्या हाताला शिव्या घालत होता. भिवराला भीती वाटायची, पण भीतीबरोबर तिला एक प्रश्नही पडला होता, आणि तो काही केल्या जाईना.

एके सकाळी अशाच घोळक्यात बसली असताना तिने शेजारच्या गड्याला विचारलं की भाऊ, तुम्ही इथेच का थांबलात? त्याने हनुवटीने पुढच्याकडे दाखवलं. तो थांबला म्हणून. भिवराने शेंग पुढे काढली आणि त्यालाही विचारलं. त्याने त्याच्या पुढच्याकडे बोट केलं. असं करत करत, लोकांच्या शेंगांना धक्के देत आणि त्यांची बोलणी खात ती थेट मधोमध नागोजीबाबापर्यंत पोचली.

"बाबा, तुम्ही इथे का थांबलात?" तिने विचारलं.

नागोजीबाबाने आजूबाजूला पाहिलं. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"खरं सांगू का पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "पाठीत कळ आली, म्हणून जरा वल्हं टेकलं. तर ही सगळी आली. मला वाटलं, एवढी माणसं आली म्हणजे इथे मासा असणारच. म्हणून मग बसून राहिलो."

भिवराला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. एका म्हाताऱ्याच्या पाठदुखीभोवती अख्खं गाव गळ टाकून बसलं होतं!

तिने शेंग मोकळ्या पाण्यात काढली आणि विचार करू लागली. ही नगरातली माणसं एवढा डोंगर चढून का आली? खाली उकडतं म्हणून. मग उकडल्यावर मासा कुठे जाईल? तिने पाण्यात हात घातला. पाणी आंघोळीसारखं कोमट होतं. मासाही गारवा शोधत कुठेतरी गेला असणार. पण खोल पाण्यातला गारवा वर बसून कळावा कसा?

तिच्या माहेरी माठातलं पाणी निवलं की नाही हे कुणी पिऊन बघत नसे. माठाला गाल लावायचा, गाल सांगेल ते खरं. भिवराने शेंग काठाला नेली, एक गुळगुळीत दगड उचलला, लांब दोरीला बांधला आणि खोल पाण्यात सोडला. तो चांगला निवेपर्यंत थांबली, मग भराभर वर ओढून गालाला लावला. कोमट. दुसरीकडे गेली, पुन्हा सोडला, पुन्हा गालाला लावला. तरी कोमटच. नावेतली माणसं गाणं थांबवून बघू लागली. हैबतीची बायको मासे सोडून दगड धरते आणि त्यांचे मुके घेते, अशी बातमी दुपारच्या आत गावात पोचली.

ऊन कलताना ती काळ्या कड्याखाली आली. तिथे कड्याच्या पोटातून एखादा झरा पाण्याखाली सुटत असावा. दगड वर आला, तिने तो गालाला लावला आणि गालाला झिणझिण्या आल्या. तिने श्वास रोखून गळ सोडला. वल्हं मांडीवर घेतलं आणि ती वाट बघत बसली. तिच्याकडे कुणी फिरकलं नाही, कारण नवी सून थांबली म्हणजे ‘थांबली’ असं धरायचा कुणाचा विचारच नव्हता. थोड्या वेळाने गळाच्या दोरीला असा हिसका बसला, की शेंग तिरकी झाली. भिवरा वाकली, सावरली आणि तिने ठिपक्याला वर घेतलं. ओल्या अंगावर तांबडे ठिपके चमकत होते. तिला इतका आनंद झाला, की घरी सांगताना तिला धड बोलताच येईना. त्या संध्याकाळी गुरवीण हळदीची वाटी घेऊन आली, आणि हैबतीने डाव्या हाताने डोळे पुसले.

सकाळी सगळं गाव भिवराच्या दारात. कुठे मिळाला, कुठल्या जागी, एवढंच सगळे विचारत होते. भिवराने काही लपवलं नाही. काळा कडा सांगितला आणि दगडाचंही सांगितलं. जागेचा भरवसा नाही, पाणी सारखं निवतं-तापतं, मासा गोंगाटाला बुजून दुसरा गारवा धरतो, तेव्हा प्रत्येकाने आपापला दगड टाकून बघावा, असं तिने परोपरीने विनवलं. पण ‘काळा कडा’ हे शब्द कानावर पडताच निम्मे लोक धावत सुटले होते, आणि ते धावले म्हणून उरलेलेही धावले. मागे राहिला एकटा नागोजीबाबा. त्याने दगड मागून घेतला.

कड्याखाली शेंगेला शेंग भिडली. वल्ही खडकावर आपटत होती, भांडणं जुंपली होती. मासे केव्हाच निघून गेले होते. दिवसामागून दिवस गेले तरी तिथून कुणी हलेना. जो तो शेजाऱ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, एवढी माणसं काय वेडी आहेत? नागोजीबाबा मात्र दुखरी पाठ सांभाळत तळंभर फिरला. दाढीच्या खुंटांमुळे त्याला गालावर काही कळेना, म्हणून तो दगड मिटलेल्या पापणीला लावायचा. जत्रेच्या आदल्या दिवशी तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे आजवर कुणी थांबलं नव्हतं, तिथे त्याला ठिपक्या मिळाला.

जत्रेची सकाळ उजाडली. पलीकडच्या काठाची माणसं आली आणि रिवाजाप्रमाणे खुंटे उपटू लागली. एकामागून एक खुंटा निघत होता, आणि अजूनही प्रत्येक जण दुसऱ्याचा खुंटा निघालेला बघून स्वतःची समजूत घालत होता. काठावर दोनच शेंगा उरल्या. बाकीच्यांनी आपापल्या शेंगा खांद्यावर घेतल्या आणि ते डोंगर उतरून गेले, पुढचा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने.

तात्पर्य : गर्दी थांबली म्हणून थांबू नये, त्यातला पहिला का थांबला, हे आधी विचारावं.