कुंपणाजवळचा माड

फार जुन्या काळी वसईत चर्चच्या कुंपणाशी एक छोटा माड होता. दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी लोक शेजारच्या माडांच्या झावळ्या हलवत प्रभूचा जयजयकार करत जात, आणि हा झुरत राही.

“माझीही घ्या ना, इनासकाका!”

“चारच तर झावळ्या तुला,” माळी म्हणे. “त्या काढल्या तर वाढशील कशाने, बाळा? थांब.”

वर्षं सरली. “नवी झावळी येते, जुनी गळते. मी आपला होतो तिथेच,” माड रडवेला झाला. “प्रभूला माझं काहीच नको का?”

त्या रविवारी इनासकाकांनी कमरेला कोयता खोचला. गळलेल्या एकेका झावळीचा वळ खोडावर उरला होता. त्या वळांवर पाय रोवत ते चढू लागले.

शेंड्याशी पोचेपर्यंत त्यांना तीनदा थांबून श्वास घ्यावा लागला.