पहिल्या हाकेची ओ

कड्याच्या अगदी टोकाला हा चुना लावलेला खडक दिसतोय ना, त्याला आम्ही ओ-खडक म्हणतो. खाली रस्त्यावर कुणीतरी ‘इको पॉइंट’ अशी पाटी ठोकून ठेवली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. मघाशी या निळ्या टोपीवाल्या दादांनी हौसेनं आरोळी ठोकली, खालून उत्तर आलं आणि तुम्ही सगळे हसलात. तो काही कड्याचा प्रतिध्वनी नव्हता. नीट कान दिला असतात तर कळलं असतं, त्यात एक ओ बाईची होती, एक म्हाताऱ्याची आणि एक शाळेतल्या पोरांची. खाली आमची आवळेवाडी आहे. या खडकावरून कुणीही हाक मारली, कुणाच्याही नावानं मारली, तरी वाडी पहिल्या हाकेला ओ देते. हातातलं काम टाकून देते.

दादा, असे ओशाळू नका. तुम्हाला काय ठाऊक? बसा, ताक घ्या. धुकं चढायला अजून वेळ आहे, तोवर सांगते.

मी हौसाबाई झोरे, या वाडीची सून. आम्ही गवळी धनगर, म्हशी राखणारी माणसं. हे सगळं मी माझ्या सासूकडून ऐकलं, तिनं तिच्या सासूकडून. त्यामुळे कुणी म्हणेल की यात मीठमसाला पडला असेल. पडला असेलही. पण ती हाक मारली गेली होती आणि वाडीनं ती ऐकली होती, एवढं खरं आहे. त्यावर मी कुणाला बोट ठेवू देत नाही.

पूर्वी इथे अगदी उलट रीत होती म्हणे. श्रावण लागला की या सड्यावर, म्हणजे या वरच्या कातळाच्या पठारावर, असं धुकं उतरतं की पुढे धरलेला आपलाच हात दिसत नाही. त्या धुक्यात चकवा फिरतो, असं जुनी माणसं सांगत. चकवा म्हणजे वाट चुकवणारं भूत. तो ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो, पण हाक एकदाच मारतो. जिवंत माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हाक मारतं, चकव्याला ते जमत नाही. म्हणून एका हाकेला ओ द्यायची नाही, दुसरी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. पोरांना चालायला शिकवायच्या आधी हे शिकवत. आया मुद्दाम गोठ्यामागे लपून एकदाच हाक मारायच्या आणि पोरानं ओ दिली की पाठीत धपाटा घालायच्या.

त्या काळात वाडीचा कारभारी होता जानू झोरे. सगळे त्याला जानूआजा म्हणायचे. माणूस कडक, पण वाईट नव्हता. तरुणपणी त्याचा धाकटा भाऊ धुक्यातल्या एका हाकेला ओ देऊन त्या दिशेला चालत गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. तेव्हापासून या नियमाच्या बाबतीत जानूआजा कुणाचं ऐकत नसे.

जानूआजाची नात सगुणा. वय असेल चौदा-पंधरा. मुलखाची हट्टी, बोलायला फटकळ आणि म्हशींवर जीव टाकणारी. आजाची तर ती फार लाडकी होती. इतरांवर डोळे वटारणारा म्हातारा हिच्यापुढे मऊ व्हायचा, आणि ती त्याच्या पागोट्यात रानफुलं खोचून पळून जायची. तिची आई भागाई. बाप धाकू त्या दिवसांत तूप विकायला कोकणात उतरला होता.

श्रावणातल्या एका दुपारी सगुणा म्हशी घेऊन सड्यावर गेली. कळपात चांदी नावाची म्हैस होती, तिचे दिवस भरले होते. दुपार कलली आणि बघता बघता धुकं आलं. बाकीच्यांची जनावरं एकेक करून खाली आली. सगुणाचा कळपही आला, गळ्यातली घंटा वाजवत आपला आपण गोठ्यात शिरला. चांदी नव्हती. सगुणाही नव्हती.

भागाईनं चुलीवरचा तवा तसाच सोडला आणि ती अंगणात येऊन उभी राहिली. हळूहळू सगळी वाडी अंगणात आली. अशा वेळी हाक मारत वर जायचं नाही, चकवा तोच आवाज उचलतो, असंही मानत. त्यामुळे सगळ्यांनी फक्त कान लावले. कुणाचं तरी तान्हं पोर रडायला लागलं तर त्याला लगेच पदराखाली घेतलं.

आणि वरून हाक आली.

“आये!”

स्पष्ट आली. याच खडकाकडून आली. भागाईचं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात जानूआजानं हात वर केला.

“थांब भागाई. दुसरी येऊ दे.”

“मामंजी, माजीच हाय ती. माज्या पोरीचा आवाज मला कळत न्हाई व्हय?”

“चकव्यालाबी त्योच आवाज येतो. माजा भाऊ असाच ग्येला. दुसरी येऊ दे, मग मी सोताच जातो वर.”

भागाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. असं सांगतात की त्या वेळी वाडीत म्हशींनीसुद्धा रवंथ थांबवला होता. ते काही मी खरं धरत नाही, पण त्या अंगणात उभं राहणं काय असेल ते मला कळतं. एक आई ओ गिळून उभी आहे, आणि चाळीस माणसं श्वास रोखून दुसऱ्या हाकेची वाट बघत आहेत. तव्यावरची भाकरी जळून तिचा वास अंगणात आला, तरी कुणी आत गेलं नाही.

दुसरी हाक आली नाही.

शेवटी भागाईच्यानं राहवेना. तिनं सासऱ्याचा हात झिडकारला आणि “सगुणा, ओ! सगुणा, ओ!” करत ती चढण चढायला लागली. मग सगळेच तिच्यामागे धावले. नियम वगैरे कुणाला आठवला नाही.

खडकापाशी चांदी उभी होती. तिच्या पायाशी नुकतंच जन्मलेलं रेडकू होतं, सगुणाच्या घोंगडीत नीट गुंडाळलेलं, वर गाठ मारलेलं. ते जिवंत होतं. सगुणाची काठी खडकाला टेकवून ठेवलेली होती. चिखलात तिच्या पायांच्या खुणा होत्या. त्या खडकापर्यंत आल्या होत्या, अगदी कडेपर्यंत, आणि तिथून माघारी वळून पुन्हा सड्याकडे गेल्या होत्या. पुढे कातळ लागला आणि खुणा संपल्या.

मग शोध सुरू झाला. दोर लावून माणसं दरीत उतरली. पलीकडच्या घाटवाटा धुंडाळल्या, पाण्याची कुंडं गळ टाकून बघितली. धाकू कोकणातून आला तो घरात न शिरता तसाच रानात गेला. हाड नाही, बांगडी नाही, कपड्याची चिंधी नाही. कुणी म्हणालं वाघानं नेलं, कुणी म्हणालं घाटातून जाणाऱ्या तांड्यानं नेलं, कुणी म्हणालं देवीनं आपल्या सेवेला ठेवून घेतलं. तुम्हीही मनातल्या मनात काहीतरी ठरवलं असेल, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. ठरवा बापडे. आमच्या वाडीत कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही, कारण आम्हाला माहीत नाही. पोर माघारी का वळली, हे कोडं मात्र सगळ्यांच्या घशात अडकून राहिलं.

भागाई वाघजाईच्या देवळात गेली आणि देवीपुढे सगळ्यांदेखत म्हणाली, “आजपास्नं ह्या सड्यावरनं यील त्या हाकंला मी ओ देनार. चकवा आसला तर मला न्हेऊ दे. पर पोरीची हाक रिकामी जाऊ देनार न्हाई.”

तिनं तसंच केलं. गुराख्यानं गुराला हाक मारली तरी ही ओ देई. वाटसरू ओरडला, ओ. टिटवी ओरडली तरी ओ. बायका पाणी भरताना एकमेकींकडे बघत आणि हिला वेड लागलं म्हणत. सासऱ्याशी ती बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाय धुवायला पाणी ठेवायची, पण शब्द नाही. चांदीच्या त्या रेडकाला मात्र जानूआजा स्वतः चारा घालायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

वर्ष सरलं, पुन्हा श्रावण आला. एकदा पाचच्या सुमाराला असंच दाट धुकं उतरलं. भागाईला तेव्हा ताप होता आणि घसा पार बसला होता. ती ओट्यावर घोंगडी पांघरून बसली होती. आणि या खडकाकडून एक हाक आली. पोरीचा आवाज. शब्द कळला नाही, पण एकच हाक.

भागाई धडपडत उठली. तिनं तोंड उघडलं, मान ताणली, पण आवाजच फुटेना. तिनं वाडीकडे बघितलं. सगळी माणसं आपापल्या दारात उभी होती आणि एकाच्याही तोंडून शब्द निघत नव्हता. ज्यांनी वर्षभर तिला वेडी ठरवलं, त्यांना आता धुक्याकडे बघवत नव्हतं. मग भागाईनं सासऱ्याकडे बघितलं. वर्षात पहिल्यांदा बघितलं म्हणे.

जानूआजा काठी टेकत उठला. अंगणाच्या मधोमध आला. आणि त्यानं दोन्ही हात तोंडाभोवती धरून हाळी दिली, “ओऽ! हितं हाय वाडी! ये, ओऽ!”

त्याचा आवाज चिरकला. तेव्हा शेजारच्या घरातून दुसरी ओ आली, मग तिसरी, आणि मग सगळी वाडी ओ द्यायला लागली. धाकू तर ओ देत देत चढणीला लागला. थांबायचं नाही, ओ देत राहायचं, आवाजाच्या मागानं माणूस खाली येईल. किती वेळ गेला कुणास ठाऊक. धुक्यातून आधी धाकू दिसला, आणि त्याच्यामागे चिखलानं माखलेली, थरथर कापणारी एक मुलगी.

भागाई पुढे झाली. तिनं त्या पोरीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. ती सगुणा नव्हती. सड्यापलीकडच्या वाडीतली होती, रानभाजी खुडताना वाट चुकलेली. वयानं सगुणाएवढीच. भागाईनं काही न बोलता आपली घोंगडी तिच्या अंगावर टाकली, तिला चुलीपाशी बसवलं आणि पेलाभर गरम दूध हातात दिलं.

जानूआजानं पोरीला विचारलं, “एकच हाक का मारलीस गं? दुसरी का न्हाई?”

पोर म्हणाली, “आजा, ओ आली न्हवं लगेच? न्हाई तर माघारीच वळनार हुते. म्हटलं, ओ न्हाई म्हंजी वाडी हिकडं नसंल. ह्यो कडाच दुसरा आसंल.”

जानूआजा होता तिथेच खाली बसला. चिखलातल्या त्या वळलेल्या खुणा सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे आल्या असतील. आपली पोर वाट चुकली नव्हती. ती बरोबर घराच्या डोक्यावर येऊन उभी राहिली होती, आणि घर गप्प बसलं म्हणून परत गेली. दुसरी हाक मारायची असते हे तिलाही शिकवलेलं होतं, पण भेदरलेल्या पोराला नियम कुठला आठवतोय?

म्हातारा लहान पोरासारखा रडला. भागाई त्याच्याजवळ जाऊन बसली. बसलेल्या घशातून तिनं एवढंच म्हटलं, “मामंजी, आज तुमी ओ दिलीत.” त्यानंतर ती त्याच्याशी पूर्वीसारखी बोलायला लागली. नियम मोडायला सभा-बैठक काही भरवावी लागली नाही.

माझं लग्न होऊन मी या वाडीत आले, तेव्हा मला घरात घेण्याआधी इथे, या खडकावर आणलं होतं. ही आमची रीत आहे. नव्या नवरीनं इथून एकदाच “आये” अशी हाक मारायची. मी सोळा वर्षांची होते, माहेर सोडून आलेली, रडून रडून घसा दाटलेला. माझी हाक मलाच नीट ऐकू गेली नाही. पण खालून अख्ख्या वाडीनं ओ दिली, आणि खरं सांगते, तेव्हा माझा जीव या मातीत रुजला.

आजही श्रावणात धुकं भरलं की कधी कधी इथून एक हाक येते. एकच. मी स्वतः ऐकली आहे. माझा नातू म्हणतो, आजी, कपारीतून वारा घुमतो. घुमत असेल. आम्ही वाऱ्यालाही ओ देतो. भाकरी थापणारी बाई पिठाच्या हातानं दारात येते, मास्तर हातातला खडू खाली ठेवतात, पोरं ओरडतात, आणि बराच वेळ कुणी थांबत नाही. वर कुणी आलेलं नसतं. तरी वाडी ओ देत राहते, कारण एकदा ती गप्प बसली होती.

उठा आता, ते बघा, पलीकडच्या कड्यावर धुकं चढलंच. एकमेकांना धरून चला. आणि कुणी मागे राहिलं, वाट दिसेनाशी झाली, तर घाबरू नका, धावू नका. आहात तिथेच उभे राहा आणि हाक मारा. एकदाच मारलीत तरी चालेल.