अस्वलिणीच्या उंच टाचा

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक अस्वलीण आपल्या पिल्लासह राहत असे. अस्वलांची रीत तुम्हांला ठाऊक आहे का, मुलांनो? पिल्लू लहान असते तोवर आई त्याला पाठीवर बसवूनच सगळीकडे नेते. हे पिल्लूही आईच्या पाठीवरचे लांब केस मुठीत धरून दिवसभर ऐटीत फिरे. आईचे तळवे रुंद, टाचा जमिनीला पुरत्या टेकलेल्या. त्यामुळे चढ असो की उतार, पिल्लाला कधी साधा हिसका बसत नसे.

पण अस्वलिणीला आपल्या त्या चालीचीच लाज वाटे. पाणवठ्यावर हरिणी यायची ती टाचा उंच ठेवून, टक टक करीत. आणि अस्वलीण आली की झाडावरची वानरे खो खो हसत. "सरका रे, बाईसाहेब जमीन चोपायला आल्या!" एकदा हे फारच जिव्हारी लागले. ती तडक सुतारपक्ष्याकडे गेली आणि मागच्या पायांसाठी लाकडी, उंच टाचांच्या चपला करवून घेतल्या. त्या पाहून हरिणीला राहवले नाही. "ताई, माझं पाऊल जन्मापासूनच असं आहे हो. तुमचं पाऊल टेकवून चालायचं. कशाला छळता त्याला?"

"तुला काय जातंय बोलायला!" अस्वलीण फणकारली. "मी जरा बरी दिसले तर बिघडलं कुठं?"

दिसली खरी बरी. वानरेही गप्प बसली. अस्वलीण हरखून गेली. मग बोटे चेंगरली, नख्या एकमेकींवर चढल्या, अंगठ्याच्या बुडाशी लालभडक गाठ आली, पण चपला काही सुटल्या नाहीत. काढल्या तर टाच टेकायला जड जाई, म्हणून ती त्या पुन्हा पायांत चढवी. मागची बाजू उंच झाल्याने तिची पाठही उतरती झाली. "आई, मी घसरतोय गं," पिल्लू म्हणे. पुढे तिची कंबर धरू लागली, तेव्हा ती म्हणाली, "थोडा चाल बघू. पाठीवर बसायला उद्या आहेच की." पिल्लू मुकाट्याने मागून चालू लागले. असे कितीतरी उद्या येऊन गेले.

एकदा दोघे मोहाची फुले वेचत असताना रानकुत्र्यांची टोळी आली. अस्वलिणीने चपला झटकून दिल्या. "बस पाठीवर, लवकर!" पिल्लाला घेऊन ती उतारावर धावली, पण टाचा जमिनीला टेकेनातच! पोटऱ्यांमागच्या शिरा पार आखडून गेल्या होत्या. चार पावलांतच पाय मुरगळला आणि पिल्लू खडकावर आपटले. तिने वळून अशी डरकाळी फोडली की कुत्री मागे हटली. पिल्लू वाचले. त्याच्या कानाचा तुकडा मात्र एका कुत्र्याने तोडून नेला, आणि आईने कितीही बोलावले तरी ते पाठीवर चढेना. "नको आई, तू पाडशील," ते लांबूनच म्हणाले.

त्या दिवसापासून ती रोज ओढ्याच्या ओल्या वाळूत टाचा दाबून उभी राही. कळ मस्तकात जाई. हरिणी नुसती शेजारी येऊन थांबे, एका शब्दानेही टोचून बोलत नसे. तेच अस्वलिणीला जास्त लागे. पावसाळा सरला, थंडीही सरली. अंगठ्याजवळची गाठ राहिली ती राहिलीच, पण एका सकाळी टाचा पुरत्या टेकल्या. ती धावतच पिल्लाकडे गेली. "ये रे राजा, बस. आता नाही पाडणार."

आईच्या शब्दाखातर पिल्लू बसले. जरा वेळाने हळूच म्हणाले, "आई, माझे पाय जमिनीला लागतायत गं."

अस्वलिणीने मान वळवून पाहिले. ते खरेच एवढे मोठे झाले होते. मग ते उतरले आणि पुढे चालू लागले. टाचा नीट टेकवत ती त्याच्या मागून निघाली. तिला फार रडू येत होते.

तात्पर्य : चार जणांत उठून दिसण्यासाठी आपल्या पायांना छळू नये, पाय कदाचित बरे होतील, पण त्या दुखण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.